बार्बरशॉप मेळाव्यासाठी अवघड गाणी बसवताना: ट्रॅकबरोबर येतं म्हणजे गाणं येतं असं नाही

बार्बरशॉप म्हणजे वाद्यांशिवाय चार आवाजांत गायचा अमेरिकन प्रकार. अमेरिकेत त्याचे हार्मनी ब्रिगेड नावाचे मेळावे भरतात. दहा-बारा अवघड बार्बरशॉप गाणी काही महिने आधी पाठवतात, ज्याने त्याने घरी पाठ करायची, आणि मग एका वीकेंडला हॉटेलात जमून ज्यांचं तोंडही कधी पाहिलेलं नाही अशा तिघांबरोबर उभं राहून गायची. टेनर, लीड, बॅरिटोन, बेस, प्रत्येकी एकच माणूस, वाद्य काही नाही. लीड मुख्य चाल गातो, टेनर त्याच्या वर, बेस सगळ्यात खाली, आणि बॅरिटोन उरलेला सूर भरतो. कोरसमध्ये शेजारच्याच्या आवाजाला टेकून निभावून नेता येतं, इथे तुमच्या ओळीवर तुम्ही एकटेच असता.

मी बॅरिटोन. पहिल्या वर्षी मी ट्रॅक (सरावाची रेकॉर्डिंग) तीन महिने गाडीत ऐकले, बरोबर मोठ्याने गायलो, बायको म्हणाली आता पुरे. मेळाव्यात रात्री साडेअकराला लिफ्टच्या शेजारी तिघांनी मला बोलावलं, पिच पाइप (सुरुवातीचा सूर देणारी शिट्टी) वाजला, आणि मी ठणठणीत आवाजात लीडचाच सूर लावला. टेनरवाले आजोबा हसून म्हणाले, परत घेऊ. परत तेच. तिसऱ्यांदा घेऊ असं कोणी म्हणालं नाही, सगळे एकदम पाणी प्यायला गेले.

त्यानंतर इथल्या काही मराठी मित्रांना तयारी करताना बघितलं, त्यातले निम्मे चांगले शास्त्रीय शिकलेले, तरी चुका त्याच. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. उदाहरणं बॅरीची, म्हणजे बॅरिटोनची, जास्त आहेत, माझा नाइलाज आहे.

१. पहिल्या दिवशी काय करायचं

गायला सुरुवात करू नका, आधी सामान तपासा. प्रत्येक गाण्याचा कागद (छापील नोटेशन) आणि तुमच्या आवाजाचा ट्रॅक दोन्ही आहेत का, आणि दोन्ही एकाच आवृत्तीचे आहेत का ते बघा. कागद समोर धरून ट्रॅक एकदा पूर्ण ऐका, बोट माप-माप (दोन उभ्या रेघांमधला एकेक तुकडा) सरकवत. अरेंजरने (गाणं चार आवाजांत बांधणाऱ्याने) नंतर दोन मापं बदललेली असतात आणि ट्रॅक जुना असतो, असं होतं. पुरुषांचे, बायकांचे आणि मिक्स्ड असे तिन्ही प्रकारचे क्वार्टेट असतात आणि त्याप्रमाणे की (गाण्याचा सा) बदलते, त्यामुळे ट्रॅक तुमच्याच व्हॉइसिंगचा आहे ना हेही आत्ताच बघून घ्या.

बाकी लागतं ते एवढंच: पिच पाइप किंवा त्याचं अॅप, मऊ पेन्सिल, खोडरबर, फोनचा रेकॉर्डर, वायरचे हेडफोन. आणि कागदाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, या प्रकारात प्रत्येक गाणाऱ्याची कॉपी विकत घेतलेली असावी लागते आणि लोक ते पाळतात.

तपासा: ट्रॅकमध्ये बहुतेक वेळा तुमचा आवाज एका कानात आणि बाकीचे तीन दुसऱ्या कानात असतात. फोनच्या अॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर सगळं दोन्ही कानांत एकत्र येतं आणि पुढच्या पाचव्या भागातला सराव करताच येत नाही. आत्ताच बंद करा.

२. गाण्यांचा क्रम लावा, सगळ्यात अवघड सगळ्यात आधी

सगळेजण आवडतं गाणं आधी घेतात. मग शेवटच्या पंधरा दिवसांत उरतं ते सात की बदलणारं भूत, आणि ते मेळाव्याच्या आदल्या रात्री विमानात पाठ करायचा केविलवाणा प्रकार होतो.

मी तीन ढीग करतो. पहिल्यात की बदल, विचित्र उड्या, झपाट्याने शब्द. दुसऱ्यात संथ बॅलड, सूर सोपे पण श्वास आणि ट्यूनिंग अवघड. तिसऱ्यात बाकीची. सोळा आठवडे हातात असतील तर पहिल्या ढिगातलं एक आणि तिसऱ्या ढिगातलं एक अशी जोडी लावतो, म्हणजे रोज डोकं फुटत नाही. अवघड गाण्याला मला दोन आठवडे लागतात, सोप्याला पाच-सहा दिवस, आणि शेवटचे तीन आठवडे नवीन काहीही घ्यायचं नाही, फक्त फिरवायचं.

सावध: एकाच वेळी तीनपेक्षा जास्त गाणी कच्ची ठेवू नका. एका गाण्याचा टॅग (शेवटचा तुकडा) दुसऱ्याला चिकटतो, कारण यातल्या बऱ्याच टॅगची चाल एकमेकांसारखीच असते.

३. पेन्सिल घेऊन बसा

वरच्या स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) टेनर आणि लीड, खालच्या स्टाफवर बॅरी आणि बेस. प्रत्येक स्टाफवर दांडी वर असलेला सूर वरच्या आवाजाचा, दांडी खाली असलेला खालच्याचा. पुरुषांच्या आवृत्तीत वरच्या क्लेफखाली (स्टाफच्या सुरुवातीच्या चिन्हाखाली) छोटा ८ असतो, म्हणजे लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली गायचं. बॅरी लीडच्या वर चढला तरी छापलेला खालच्याच स्टाफवर असतो, वर जास्तीच्या रेघा मारून, त्यामुळे नुसत्या नजरेने तो लीडच्या खालीच आहे असं वाटत राहतं. नोटेशन वाचता येत नसेल तरी एवढं कळलं पाहिजे, नाहीतर अर्धा तास दुसऱ्याचीच ओळ शिकाल.

मग खुणा. श्वास कुठे घ्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठे अजिबात घ्यायचा नाही. शब्द दोन स्टाफच्या मधे छापलेले असतात आणि ते मुख्यतः लीडचे, बाकीचे वेगळं काही गात असतील तर ते बारीक अक्षरात वर किंवा खाली असतं. बेसवाल्यांनो, तुमचे 'बम बम' तिथेच लपलेले असतात. मी लीडला ओलांडतो तिथे गोल, मी आणि दुसरा कोणी एकाच सुरावर येतो तिथे दोन रेघा, की बदलते तिथे आडवी जाड रेघ.

आणि आपल्याला एक सोय आहे ती वापरा: अडणाऱ्या ठिकाणी सुराच्या वर सरगम लिहा. आता हे बघा. गाणं बी फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपली काळी पाच. चार कॉर्ड (एकाच वेळी गायलेले चौघांचे सूर) सलग येतात. पहिल्यात बेस खालच्या सा वर, बॅरी प वर, लीड वरच्या सा वर, टेनर त्याच्या वरच्या ग वर. दुसऱ्यात लीड हलत नाही, सा वरच थांबतो, पण बेस रे वर जातो, बॅरी ध वर, टेनर तीव्र म वर. तिसऱ्यात लीड अर्धा स्वर उतरून नि वर येतो आणि त्याच क्षणी बॅरी ध वरून उडी मारून लीडच्या डोक्यावरच्या रे वर बसतो, बेस प, टेनर शुद्ध म. चौथ्यात सगळे घरी, बॅरी रे वरून परत खाली प. प, ध, वरचा रे, प. नुसतं गाऊन बघा, याला चाल म्हणवत नाही. कान त्या उडीच्या वेळी लीडच्या नि कडे ओढतो, आणि बहुतेक बॅरी तिथेच पडतात. मीही लिफ्टजवळ पडलो तो अशाच जागी, पहिला सूर चुकल्यावर दुसऱ्या वेळी. ही उडी कागदावर ओळखता आली तर ती वेगळी काढून वीस वेळा घोटता येते. ट्रॅकबरोबर नुसतं गात राहिलात तर ती तुम्हाला दिसतच नाही.

४. शेवटापासून मागे या

आधी शब्द, सुराशिवाय, लयीत, टाळी वाजवत. मग सूर, शब्दांशिवाय, 'नू' वर. मग दोन्ही एकत्र. हा क्रम उलटा केला की शब्द विसरल्यावर सूरही जातो.

आणि सुरुवात टॅगपासून करा. टॅग म्हणजे शेवटच्या काही ओळी, जिथे अरेंजरने सगळी हौस भागवून घेतलेली असते. पहिली ओळ आपण शंभर वेळा गातो आणि शेवटची दहा वेळा, आणि लोकांच्या लक्षात राहते ती शेवटची. त्यामुळे आधी टॅग, मग त्याच्या आधीचा तुकडा जोडून शेवटपर्यंत, मग त्याच्या आधीचा. असं केलं की गाणं पुढे जाताना तुम्ही जास्त पक्क्या जमिनीवर जाता.

टॅगमध्ये 'पोस्ट' असेल, म्हणजे एकाने एकच सूर लांब धरायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरणार, तर तो सूर तुमच्याकडे आहे का बघा आणि घड्याळ लावून मोजा. कोरसमध्ये आळीपाळीने श्वास चोरता येतो, क्वार्टेटमध्ये तुम्ही थांबलात की सूरच गेला.

५. ट्रॅकच्या चार पायऱ्या

इथेच सगळे घसरतात, कारण पहिल्याच पायरीवर राहतात आणि ती इतकी छान वाटते की पुढे जावंसं वाटत नाही.

पहिली पायरी: तुमचा आवाज मोठा, बाकी बारीक. आधी तीन वेळा फक्त ऐका, तोंड बंद, कागदावर नजर. मग गा. ही पायरी चार-पाच दिवसांच्या वर चालू द्यायची नाही.

दुसरी: हेडफोनचा बॅलन्स मधे आणा, चारही आवाज सारखे. आता तुम्हाला तुमचा आवाज शोधावा लागतो. एक कान मोकळा ठेवा, स्वतःचं गाणं खोलीत ऐकू आलं पाहिजे.

तिसरी: बॅलन्स पूर्ण दुसऱ्या बाजूला, तुमची ओळ गायब. आता तिघं आहेत आणि तुम्ही. इथे पहिल्यांदा कळतं की आपण काय शिकलो होतो. मी दुसऱ्या वर्षी ही पायरी केली तेव्हा जी गाणी 'झाली' म्हणून खूण केलेली होती त्यातली निम्मी कोसळली, तेही तिसऱ्या-चौथ्या मापातच.

चौथी: ट्रॅक बंद, कागद बंद. पिच पाइपवर सा घ्या, मनात आपला पहिला सूर शोधा, आणि फक्त तुमची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गा, फोनवर रेकॉर्ड करत. जिथे तुमच्या ओळीला विश्रांती आहे तिथे मनात मोजा. शेवटच्या सुरावर थांबा, पिच पाइप पुन्हा वाजवा आणि आपण कुठे पोचलो ते बघा.

तपासा: अर्ध्या स्वराहून जास्त उतरला असाल तर कुठे उतरला ते रेकॉर्डिंगमध्ये शोधा. तीन जागा नेहमीच्या: एकच सूर सात-आठ वेळा लागोपाठ येतो तिथे, खाली उतरताना पाऊल मोठं पडतं तिथे, आणि श्वास संपत आलेला असतो त्या ओळीच्या शेवटी. चढला असाल तर बहुधा घाई केलीय.

तपासा: गाण्याच्या मधल्या कुठल्याही मापावर बोट ठेवा आणि तिथून सुरू करा. नुसतं पहिल्यापासूनच येत असेल तर ते पाठांतर आहे, आणि मधे पडल्यावर परत चढता येणार नाही.

सावध: गाडीतला ट्रॅक म्हणजे सराव नव्हे. स्पीकरवर चारही आवाज एकत्र येतात आणि तुम्ही नकळत जो ठळक ऐकू येतो तो, म्हणजे लीड, गायला लागता. गाडीत ऐका जरूर, पण हिशोबात धरू नका.

६. सूर नेमका कुठे लावायचा

बार्बरशॉपची सगळी मजा चार आवाज जुळल्यावर कॉर्ड 'वाजण्यात' आहे, न गायलेला पाचवा सूर वर कुठेतरी ऐकू येतो. तानपुरा नीट जुळला की खरजाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो ना, तसंच. तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली असतो, म्हणजे पियानोवर ४०० सेंट, इथे ३८६. आपल्या कानाला तो ओळखीचा आहे, ही आपली जमेची बाजू. कॉर्डमधला सातवा, आपल्या भाषेत कोमल निषाद म्हणा, त्याहून जास्त सरकतो, पियानोच्या १००० च्या जागी साधारण ९६९. ट्यूनर अॅप त्याला 'फ्लॅट' म्हणून लाल दिवा दाखवेल, दाखवू दे.

पण शास्त्रीय शिकलेल्यांनी पुढचं नीट वाचा. आपल्याला एकच सा धरून गायची सवय असते, आणि इथे जमीन प्रत्येक कॉर्डला हलते. वरच्या उदाहरणातला दुसरा कॉर्ड घ्या. बॅरी ध वर आहे. तानपुरा लावून गायलात तर जो धैवत गोड लागतो तो इथे उतरलेला लागेल, कारण आता तो सा शी नाही तर बेसच्या रे शी जुळवायचा आहे, त्या रे चा पंचम म्हणून. तो निदान वीस-बावीस सेंट चढा घ्यावा लागतो. आणि तोवर लीड ज्या सा वर निवांत उभा आहे तो सा त्या कॉर्डचा सातवा झालेला असतो. लीडने तो हलवायचा नाही, चालीचा सूर तोच, बाकी तिघांनी त्याच्याभोवती जुळवायचं.

त्यामुळे तानपुरा अॅप लावून सराव करा, पण फक्त सा वर नाही. अडलेला कॉर्ड घ्या, त्यात बेस कुठे आहे बघा, अॅप त्या सुरावर लावा आणि मग आपला सूर जुळवा.

आवाजाच्या जोराचंही तसंच. खालचे आवाज भरीव, वर जाताना हलके. टेनरवाले जोर लावून हिरो होतात आणि कॉर्ड फाटतो. तुमच्याकडे कॉर्डचा ग किंवा सातवा असेल तर थोडं मागे, सा किंवा प असेल तर निःसंकोच.

सावध: मींड, खटका, सुराला खालून उचलणं, सगळं घरी ठेवा. सूर लागला त्या क्षणी जागेवर हवा. माझ्या एका मित्राचा गळा असा फिरतो की ऐकत राहावं, पण क्वार्टेटमध्ये त्याच्यामुळे एकही कॉर्ड बसेना, कारण तो पोचेपर्यंत बाकीचे निघालेले असायचे.

७. उच्चार

इंग्रजी बोलता येतं म्हणजे गाता येतं असं नाही. कॉर्ड वाजतो तो स्वरावर, व्यंजनावर नाही, आणि चौघांचा स्वर एकच हवा. 'नाईट' शब्द दोन सेकंद धरायचा असेल तर 'ना' वर राहायचं, 'ई' अगदी शेवटी, चौघांनी एकदम वळायचं. आपण लगेच 'ई' वर जातो. 'डे' मध्ये आपला ए सरळ राहतो, त्यांचा शेवटी किंचित ई कडे वळतो, ते वळण ट्रॅकमध्ये कधी येतं ते ऐका आणि कागदावर खूण करा. व आणि डब्ल्यू आपण एकच करतो, तिथे ओठ गोल करा. ट आणि ड जिभेचं टोक थोडं पुढे आणून, नाहीतर शब्द ठोकल्यासारखा येतो.

लाज वाटण्यासारखं यात काही नाही, अमेरिकन लोकही आपापल्या गावचे उच्चार सोडूनच गातात.

८. खरी माणसं गाठा

मेळाव्याच्या आधी निदान दोनदा तीन हाडामांसाची माणसं मिळवा. गावात चॅप्टर (बार्बरशॉप संस्थेची शाखा) असेल तर त्यांच्या सरावानंतर थांबा आणि विचारा, नाही म्हणणारा बार्बरशॉपवाला मला अजून भेटलेला नाही. सगळे आवाज मिळाले नाहीत तर एक लीड तरी. लीड आणि तुम्ही एवढं दोघांत नीट उभं राहिलं तर बाकीचं पेलतं.

झूमवर एकत्र गायचा प्रयत्न करू नका, आवाज उशिरा पोचतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत गाणं मरेपर्यंत संथ होतं. त्यापेक्षा एकाने रेकॉर्ड करून पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर चढवायचं.

यात ट्रॅकचा एक दोष बाहेर येतो. ट्रॅकवरचा लीड दर वेळी त्याच जागी तेवढाच थांबतो, खरा माणूस नाही. बॅलडमध्ये तर नाहीच. त्याच्या तोंडाकडे आणि श्वासाकडे बघत गायची सवय लावा. आणि लीडवाल्यांनो, तुम्ही ट्रॅकचीच नक्कल केली तरी चालेल, पण श्वास असा घ्या की तिघांना दिसेल.

९. खिशातलं कार्ड

एका कार्डावर सगळी गाणी. प्रत्येकासमोर तीनच गोष्टी: की, माझा पहिला सूर, की बदलाच्या वेळचा माझा सूर. माझ्या कार्डावरची एक ओळ अशी होती: 'काळी ५. पहिला सूर खालचा प. बदल: जुना सा = नवा नि.' की अर्ध्या स्वराने वर जाते तेव्हा जुन्या सा वर उभं राहूनच नव्या की चा नि मिळतो, हे डोक्यात असलं की उडी मारावी लागतच नाही.

पिच पाइपवर फक्त सा मिळतो, बाकी ज्याचं त्याने शोधायचं. बॅरी, टेनर बहुतेक वेळा सा वर सुरूच होत नाहीत. मी पहिल्या वर्षी लीडचा सूर लावला त्याचं साधं कारण हेच, वाजलेला सूर तसाच उचलला. आता रोज दात घासताना यादी काढून प्रत्येक गाण्याचा सा आणि माझा पहिला सूर एवढंच म्हणतो, गाणं नाही. बारा गाण्यांना तीन मिनिटं.

शेवटच्या आठवड्यात आवाज वाचवा. रोज दोन-तीन गाणी, हळू आवाजात, बाकी मनातल्या मनात कागदाशिवाय. विमानातून उतरल्यावर भरपूर पाणी.

१०. तिथे गेल्यावर

कागद हातात घेऊन गायचं नाही, खोलीवर जाऊन बघा. चौघं गात असतील तर पाचवे म्हणून आपली ओळ गुणगुणत जवळ जाऊ नका, संपल्यावर विचारा. पिच एकानेच द्यायचा. दुसऱ्याची चूक सांगायची नाही, त्याला माहीत असते. पहिल्या संध्याकाळी सगळं घसा फोडून गाऊ नका, लॉबीत गलका असतो आणि आपण नकळत ओरडतो, शनिवारी सकाळी आवाज बसलेल्यांची रांग लागते.

आणि पडलात तर: थांबू नका, लीडचा शब्द आणि स्वर धरा, तोंड त्याच्याबरोबर हलत राहू द्या, आवाज बारीक करा, आणि पुढच्या ओळीचा पहिला सूर पकडून आत या. पाचव्या भागात मधूनच सुरू करायचा सराव केलाय तो याच्यासाठीच. पूर्ण गाणं एकदाच परत घ्यायचं. दुसऱ्यांदाही पडलं तर हसून दुसरं गाणं सुचवा, तुमच्या कार्डावरचं सगळ्यात पक्कं.